गोळी, गप्पा आणि ब्लँक : डिप्रेशनच्या उपचारांचा वीस महिन्यांचा वापर (पाचपैकी साडेतीन)

नमुने तपासणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. रंगांच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला आहे, २४ वर्षं झाली. बॅच आली की तिचा पट्टा काढायचा, मूळ नमुन्याशेजारी धरायचा, तीन वेगवेगळ्या दिव्यांखाली बघायचा आणि सही करायची : जुळतो किंवा जुळत नाही. दोन वर्षांपूर्वी मी लागोपाठ चार बॅचवर ‘जुळतो’ अशी सही ठोकली आणि चारही परत आल्या. डोळे बिघडले नव्हते. फरक दिसत होता, पण दिसून काय करायचंय असं वाटायचं. हिरवट असो नाहीतर निळसर, शेवटी भिंतीलाच लागणार ना. साहेब ओरडतील म्हणून उभी राहिले, तर त्यांनी खुर्ची पुढे सरकवली आणि विचारलं, "मॅडम, झोप लागते का हल्ली?" मला उत्तर देता आलं नाही. तिथेच बसून रडले.

तर हे परीक्षण एका औषधाचं (सरट्रालीन), एका थेरपीचं आणि दोन डॉक्टरांचं. मी डॉक्टर नाही, प्रयोगशाळेतली बाई आहे. त्यामुळे कुठल्याही गोष्टीबद्दल माझा पहिला प्रश्न एकच असतो : ब्लँक किती दाखवतो? रासायनिक चाचणी करताना शेजारी एक नळी अशी ठेवतात, की जिच्यात तपासायचा पदार्थ सोडून बाकी सगळं असतं. यंत्र तिच्यावरही काहीतरी आकडा दाखवतं. तो वजा केला की जे उरतं ते खरं. डिप्रेशनच्या गोळीचा ब्लँक म्हणजे प्लासिबो, बिनऔषधाची गोळी. आणि या औषधांचा ब्लँक भलताच मोठा आकडा दाखवतो. सगळा वाद तिथूनच सुरू होतो.

आधी पहिले डॉक्टर उरकून टाकते. अर्धा तारा. भेट सहा मिनिटं चालली. रंग सुकायची वेळ मोजून मोजून घड्याळ बघायची सवय लागलीय, म्हणून आकडा पक्का आहे. "मेंदूतलं सेरोटोनिन नावाचं रसायन कमी झालंय, ही गोळी भरून काढेल," एवढं म्हणून त्यांनी चिठ्ठी हातात दिली. मळमळेल हे सांगितलं नाही. मळमळलं. दहाव्या दिवशी मी पाकीट कपाटात टाकून दिलं. पुढे वाचताना कळलं, की ती ‘भरून काढायची’ गोष्टच कच्ची आहे. जोआना मॉन्क्रिफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ साली या विषयावरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा डिप्रेशनच्या रुग्णांत सेरोटोनिन कमी असतं याला टिकेल असा पुरावा सापडला नाही. याचा अर्थ गोळी निकामी, असा काढू नका. थिनर घातल्यावर रंग नीट पसरला, म्हणून त्या रंगाला थिनरच्या कमतरतेचा आजार झाला होता असं आमच्याकडे कोणी म्हणत नाही. पण थिनरने रंग पसरतो, हे खरंच असतं.

दुसऱ्या डॉक्टर बाईंनी पहिल्या भेटीत ४० मिनिटं दिली. आधी डिप्रेशन किती आहे ते मोजणारा एक फॉर्म भरून घेतला, पीएचक्यू-९. नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७; गुण जितके जास्त तितकं डिप्रेशन जास्त. माझे आले १९. नववा प्रश्न जगणं नकोसं वाटतं का, याबद्दलचा असतो. तिथे मी ‘काही दिवस’वर खूण केली होती. बाईंनी फॉर्म बाजूला ठेवला आणि आवाज न बदलता सरळ विचारलं : कधी वाटतं, काही ठरवलंय का, घरी कोण असतं. इतकं सरळ मला तोवर कोणी विचारलं नव्हतं. (हे वाचताना तुमचं त्या प्रश्नाचं उत्तर शून्य नसेल, तर परीक्षणं नंतर वाचा. आजच कोणाला तरी सांगा, डॉक्टर गाठा.)

मग मी माझा प्रश्न विचारला, ब्लँकचा. त्यांना हसू आलं. म्हणाल्या, "चाचण्यांमध्ये या गोळ्यांनी शंभरातल्या साधारण पन्नास जणांना चांगला फरक पडतो. प्लासिबोने तीसेक जणांना. तुम्ही त्या तिसांतल्या, मधल्या विसांतल्या की उरलेल्या पन्नासांतल्या, हे मला आज सांगता येणार नाही. सहा आठवड्यांनी गोळी चालतेय का एवढं कळेल. का चालतेय ते तेव्हाही कळणार नाही." एखाद्याला हे ऐकून धसका बसला असता. मला मात्र कित्येक महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी माझ्या भाषेत बोलल्यासारखं वाटलं.

आता आकडे. झोप यायला लागल्यावर मी यात बरीच घुसले.

मॅक्स हॅमिल्टन यांनी १९६० साली डिप्रेशन मोजायची एक पट्टी तयार केली, १७ मुद्द्यांची, ० ते ५२ गुणांची. बरीच औषधं तिच्यावरच तोलली गेली आहेत. अर्व्हिंग कर्श या मानसशास्त्रज्ञाने २००८ साली अमेरिकेत औषधांना परवानगी देणाऱ्या एफडीए या संस्थेकडे जमा झालेल्या चाचण्या काढून हिशेब मांडला : औषधवाले सरासरी ९.६ गुणांनी सुधारले, प्लासिबोवाले ७.८ गुणांनी. फरक १.८. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने ‘रुग्णाला जाणवेल असा’ फरक ३ गुणांचा धरला होता. झालं, गोळ्या म्हणजे महागडी साखर असा गवगवा झाला. एक गोष्ट मात्र मला व्यवसायामुळे खटकली. त्या पट्टीवर नुसत्या झोपेलाच ६ गुण आहेत. म्हणजे झोप आणणारं कुठलंही औषध तिथे भाव खाऊन जाणार, आणि ‘आता फरक दिसतो’ या वाक्याला मात्र तिच्यावर जागाच नाही. माप बोथट असेल तर आकडा जपून वाचावा, मग तो आपल्या बाजूचा असो की विरुद्ध.

त्याच वर्षी एरिक टर्नर यांच्या गटाने दुसरी पोल खोलली, आणि हिचा मला जास्त राग आला. एफडीएकडे नोंदलेल्या ७४ चाचण्यांपैकी ३८ औषधाच्या बाजूने होत्या. त्यातल्या ३७ छापून आल्या. उरलेल्या ३६ नकारात्मक किंवा संशयास्पद. त्यातल्या २२ छापल्याच नाहीत, ११ अशा रंगवून छापल्या की निकाल चांगला वाटावा, आणि फक्त ३ जशाच्या तशा आल्या. आमच्या कारखान्यात फेल बॅचचे कागद कोणी असे गायब केले असते, तर लायसन्स गेलं असतं.

मग २०१८ साली आंद्रेआ चिप्रियानी आणि मंडळींनी न छापलेला मालही जमेल तितका शोधून ५२२ चाचण्या एकत्र केल्या, १,१६,४७७ माणसं. एकवीसच्या एकवीस औषधं प्लासिबोपेक्षा सरस निघाली. सरासरी फरक लहान, पण खरा. मला सगळ्यात पटलेला आकडा २०२२ सालचा. एफडीएकडच्या २३२ चाचण्यांमधल्या ७३,३८८ जणांची एकेकाची नोंद तपासली, तर लक्षात आलं, की सरासरी फरक लहान दिसतो तो सगळ्यांना थोडा थोडा फायदा होतो म्हणून नव्हे. साधारण १५ टक्के लोकांना औषधामुळे, प्लासिबोने होणार नाही असा मोठा फायदा होतो. बाकीच्यांना औषध आणि ब्लँक जवळपास सारखेच. सरासरी काढली की ते १५ टक्के त्यात विरघळून जातात. एका डबीत गडद रंग आणि सहा डब्यांत पांढरा असेल, तर सगळं ढवळून ‘फिकट’ म्हणायचं का?

पण इथेच माझी ब्लँकची उपमा मोडते, आणि ती मोडली म्हणूनच मी हे लिहायला बसले. नळीतल्या ब्लँकमध्ये काय आहे ते मला थेंबाथेंबाने माहीत असतं. प्लासिबोच्या गटात काय काय होतं? काळ होता, डिप्रेशनचे बरेचसे झटके महिन्यांनी आपले आपण ओसरतात, आणि चाचणीत माणूस येतो तो बहुधा सगळ्यात वाईट आठवड्यात, तिथून उतारच असतो. दर आठवड्याला कोणीतरी नाव घेऊन ‘झोप कशी आहे’ विचारणारं होतं. प्लासिबो गटाला जितक्या जास्त वेळा बोलावलं तितकी त्यांची सुधारणा जास्त, हे २००७ साली दाखवून झालंय. आणि आशा होती. हे सगळं वजा करून उरतं तेवढंच खरं, असं संशोधकाने म्हणावं, त्याला औषध तपासायचंय. मी औषध तपासायला गेले नव्हते. मला पूर्ण बेरीज हवी होती.

आणि बेरजेत डॉक्टर किती? हे वाचून मी खुर्चीत सरळ बसले. अमेरिकेत १९८० च्या दशकात एक मोठी चाचणी झाली होती. तिच्यातल्या ११२ रुग्णांची आणि त्यांना गोळ्या देणाऱ्या ९ सायकिअ‍ॅट्रिस्टांची आकडेवारी २००६ साली पुन्हा चाळली गेली. कोणती गोळी मिळाली यापेक्षा कोणत्या डॉक्टरकडून मिळाली याने जास्त फरक पडला होता. हातगुण असलेल्या डॉक्टरांचे प्लासिबोवरचे रुग्ण हे इतर काहींच्या खऱ्या औषधावरच्या रुग्णांपेक्षा बरे निघाले. नऊच डॉक्टर होते, म्हणजे नमुना लहान. एवढ्यावर मी बॅच पास करणार नाही. पण हातगुण हा शब्द आपल्याकडे काही उगीच आलेला नाही. मला ती सहा मिनिटं आठवली.

आता विश्वासाबद्दल. माझा धाकटा भाऊ प्रेमळ आहे, पण त्याने या काळात माझा अगदी अंत पाहिला. "ताई, आधी विश्वास ठेव, मग औषध लागू पडेल." रोज फोन. त्याला कसं सांगू, की माझ्या आजाराने नेमकं तेच इंद्रिय खाल्लं होतं? घसा सुजलेल्या माणसाला ‘आधी गिळून दाखव, मग औषध देतो’ म्हणण्यातला प्रकार. शिवाय या सल्ल्याला मागून एक सुरी असते : बरी झाले तर औषधाचं श्रेय, नाही झाले तर माझा विश्वास कमी पडला.

तरी भावाच्या म्हणण्यात तथ्यच नाही असं मी म्हणणार नाही. स्वीडनमध्ये २०१७ साली एक चलाख प्रयोग झाला. डिप्रेशनवर नव्हे, लोकांत वावरायच्या तीव्र भीतीवर. दोन्ही गटांना एकच गोळी, एस्सिटालोप्राम, एकाच मात्रेत. एका गटाला खरं सांगितलं. दुसऱ्याला सांगितलं, की ही निव्वळ साइड इफेक्ट देणारी दिखाऊ गोळी आहे. पहिल्या गटात ५० टक्के लोकांना चांगला गुण आला, दुसऱ्यात १४ टक्के. रसायन तेच! डिप्रेशनवरही त्याच वर्षी एक अभ्यास आला. तुलना सिटालोप्राम हे औषध घेणाऱ्यांचीच होती. पण ‘आपल्याला औषधच मिळतंय’ हे पक्कं माहीत असलेले, ‘कदाचित प्लासिबोही असेल’ अशा शंकेत असलेल्यांपेक्षा जास्त सुधारले. शंका माणसाला महाग पडते, हे मान्य.

पण मी बरी झाले ती विश्वासाशिवाय. माझ्याकडे श्रद्धा नव्हती, शिस्त होती. रात्री साडेनऊला गोळी, नोंदवहीत खूण. एसओपी, म्हणजे ठरवून दिलेली कामाची पद्धत, म्हणून घेतली, जशी मी २४ वर्षं सकाळी आल्यावर आधी यंत्र शून्यावर आणते. ‘याने काही होणार नाही’ असं त्याच वहीत पहिल्या तीन आठवड्यांत अकरा वेळा लिहिलंय. विश्वास बाईंकडे होता, आणि तोही ‘तुम्ही बऱ्या व्हालच’ असला नव्हता. ‘हे नाही चाललं तर पुढे काय करायचं ते मला माहीत आहे,’ असा होता. तो मला पुरला.

वहीतला पहिला बदल सोळाव्या दिवसाचा आहे आणि तो आनंदाचा नाही. शेजारच्या टेबलावरचा सहकारी काम करताना तोंडाने सूर लावतो. वर्षभर ते माझ्या कानांपर्यंत पोचलंच नव्हतं. त्या दिवशी मला त्याचा जाम राग आला. घरी येऊन लिहिलं : ‘आज चिडले.’ बाईंना दाखवलं तर त्या खूश. पीएचक्यू : दोन आठवड्यांनी १७, सहा आठवड्यांनी १३, मग मात्रा ५० वरून १०० मिलिग्रॅम, बाराव्या आठवड्यात ८. तिसऱ्या महिन्यात केव्हातरी एका राखाडी पट्ट्यात हिरव्याचा जादा थेंब दिसला आणि मी ‘जुळत नाही’ लिहिलं. गोळीने? काळाने? थेरपीने? एक नमुना, ब्लँक नाही. सांगता येत नाही.

थेरपी सातव्या आठवड्यापासून. हिला मी औषधापेक्षा अर्धा तारा जास्त देईन, एका कारणासाठी : तिने माझ्याकडे विश्वास मागितलाच नाही. थेरपिस्ट मुलगी माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. तिने एक तक्ता दिला. दिवसाचा एकेक तास, काय केलं, त्यात मजा दहापैकी किती, काही जमल्यासारखं वाटलं का, दहापैकी किती. पहिल्या आठवड्याचं काम : रोज दहा मिनिटं चालायचं आणि एक खण आवरायचा. मी म्हटलं, मला इच्छाच होत नाही. ती म्हणाली, "इच्छेची वाट नका बघू. ती मागून येते. तुम्ही फक्त करा आणि आकडा लिहा." चालण्याला मी आधी दहापैकी ३ धरले होते, प्रत्यक्षात करून आल्यावर ५ लिहिले. दर वेळी अंदाज कमी, प्रत्यक्ष जास्त. माझं यंत्र सतत एकाच बाजूला चुकतंय, हे मला कोणी समजावून सांगावं लागलं नाही. मी ते स्वतःच्या तक्त्यात पाहिलं. या पद्धतीला बिहेव्हियरल अ‍ॅक्टिव्हेशन म्हणतात. २०१६ सालच्या ४४० जणांच्या एका चाचणीत, कमी प्रशिक्षण घेतलेल्या कार्यकर्त्यांनी दिलेली ही साधी पद्धत, मुरलेल्या थेरपिस्टांच्या सीबीटीच्या (विचार आणि वागणं दोन्ही तपासून बदलायच्या थेरपीच्या) तोडीस तोड ठरली.

न्यायाने बोलायचं तर थेरपीला परीक्षा सोपी मिळते. गोळीसारखी ‘खोटी थेरपी’ बनवता येत नाही; आपण समोर बसून बोलतोय हे कोणापासून लपणार? बऱ्याच चाचण्यांत तिची तुलना नुसत्या प्रतीक्षायादीतल्या लोकांशी होते, आणि यादीत ताटकळणारा माणूस खुशीत थोडाच असतो. म्हणजे गोळीच्या ब्लँकमध्ये आशा आहे आणि थेरपीच्या ब्लँकमध्ये निराशा. दोघींचे आकडे शेजारी ठेवून भांडणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. तशी गोळीची परीक्षाही काही निर्दोष नाही : तोंड कोरडं पडलं, मळमळलं, की आपल्याला खरी गोळी मिळालीय हे लोक ओळखतात, आणि मग आशेचं पारडं तिकडे झुकतं.

मैत्रिणीने मध्येच सेंट जॉन्स वर्ट सुचवलं, ‘नैसर्गिक’ म्हणून. ३४० जणांच्या २००२ सालच्या चाचणीत ही वनस्पती प्लासिबोपुढे टिकली नाही. गंमत म्हणजे त्याच चाचणीत माझी सरट्रालीनही मुख्य मोजमापावर टिकली नव्हती! दोन्ही मात्र एकत्र कधीही घेऊ नका, सेरोटोनिन धोक्याच्या पातळीला जाऊ शकतं.

त्रास : आठ दिवस मळमळ, महिनाभर रात्रीचा घाम, आणि शरीरसंबंधांतली इच्छा पार मावळली, जी अजून पूर्ण परतलेली नाही. हे कुठल्याच डॉक्टरने आपणहून विचारलं नाही, दुसऱ्या बाईंनीसुद्धा. मलाच बोलावं लागलं. त्यासाठी बाईंचा अर्धा तारा कापला. थोडा सपाटपणाही आला. भाचीचं बक्षीस समारंभातलं भाषण ऐकून सगळे डोळे पुसत होते, मी माइकचा आवाज कमी आहे का ते बघत होते.

सगळ्यात मोठी चूक माझी. आठव्या महिन्यात, ‘आता ब्लँक बघूच’ म्हणून मी कोणाला न विचारता गोळी बंद केली. तिसऱ्या दिवशी मान वळवली की डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं व्हायला लागलं, गरगरायला लागलं, रडू यायला लागलं. आजार परतला असं मला वाटलं. बाई म्हणाल्या, हे बहुधा गोळी तोडल्याचं आहे. गोळी परत सुरू झाली. ब्रिटनमध्ये २०२१ साली आलेल्या ४७८ जणांच्या एका चाचणीत, बरं वाटतंय म्हणून औषध सोडायला तयार असलेल्यांपैकी, हळूहळू कमी करून बंद केलेल्या गटात वर्षभरात ५६ टक्के लोकांचं डिप्रेशन उलटलं. चालू ठेवलेल्यांत ३९ टक्के. दोन्ही आकडे नीट बघा. चालू ठेवूनही शंभरातल्या ३९ जणांचं उलटलं, आणि बंद करूनही ४४ जण ठीक. सहाव्या आठवड्यासारखंच हेही, तुम्ही कुठल्या गटात ते आधी कळत नाही.

हिशेब : थेरपीला चार, गोळीला साडेतीन, दुसऱ्या बाईंना साडेचार, पहिल्यांना अर्धा. सरासरी काढू नका, वरचा साडेतीन मी डोळ्यांनी ठरवलाय. भाऊ म्हणतो चार दे, लोकांचा विश्वास बसेल.

सध्या पीएचक्यू ४ आहे आणि गोळी २५ वर आणलीय. आणखी कधी कमी करायची ते ठरलेलं नाही. कारखान्याचं ऑडिट उरकू दे मग बघू, असं बाई म्हणाल्या, आणि मी वहीत ‘ऑडिटनंतर’ असं लिहून ठेवलं.